स्वस्त रडारचा हक्कदार कोण?

सप्टेंबर २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याने एकाच महिन्यात दोन दृश्ये पाहिली. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, अहिल्यानगरहून आष्टीपर्यंत येऊन थांबलेली रेल्वे बीडपर्यंत धावू लागली आणि तीन दशकांच्या प्रतीक्षेची फुलांच्या माळांनी सांगता झाली. त्याच महिन्यात त्याच तालुक्यात कडा परिसराला पाण्याने वेढले. अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले. ज्या तालुक्यात २०१९ च्या उन्हाळ्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या, त्याच तालुक्यात सहा वर्षांनी माणसे पाण्यातून उचलावी लागली. दुष्काळ आणि महापूर हे एकाच आभाळाचे दोन चेहरे आहेत, हे आष्टीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. प्रश्न निराळाच आहे. हेलिकॉप्टर येण्यापूर्वी सहा तास कोणी त्या आभाळाकडे पाहत होते काय? आणि पाहत असेल, तर कोठून?

याच वर्षाच्या मार्च महिन्यात संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कंपनीशी 'अश्विनी' नावाच्या रडारांसाठी २,९०६ कोटी रुपयांचा करार केला. त्याआधी मार्च २०२३ मध्ये हवाई दलाच्या 'अरुध्र' रडारांसाठी याच कंपनीशी २,८०० कोटींहून अधिक रकमेचा करार झाला होता. ही रडारे देशी आहेत, त्यांची रचना बंगळुरूच्या सरकारी प्रयोगशाळेत झाली आहे आणि ती जगातील कोणत्याही प्रगत रडारच्या पंक्तीला बसण्याजोगी आहेत. त्याबद्दल अभियंत्यांचे आणि कामगारांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु अभिनंदन करून थांबणे हे सत्ताधाऱ्यांच्या वर्तमानपत्रांचे काम झाले. समाजवाद्यांचे काम त्यापुढे सुरू होते. जी विद्या कष्टकऱ्यांच्या कररूपी घामातून उभी राहिली, तिचे फळ कोणाकोणाच्या पदरी पडते, हा हिशेब मागणे हे ते काम होय.

चळवळीतील दोन चुकीची उत्तरे

या विषयावर समाजवादी कार्यकर्त्यांत दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर असे की, रडार, अँटेना, शस्त्रास्त्रे ही लष्कराची बाब आहे. रोजगार हमी, ऊसतोड मजुरांची मजुरी, पीकविमा हे आपले प्रश्न, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. दुसरे उत्तर याच्या नेमके उलट आहे. डॉ. राममनोहर लोहियांच्या सप्तक्रांतीत शस्त्रास्त्रांविरुद्धची क्रांती होती, म्हणून लष्करासाठी होणाऱ्या प्रत्येक संशोधनाला सरसकट विरोध करावा, असे ते सांगते.

पहिले उत्तर आळसाचे आहे, दुसरे सोयीचे. लोहियांचा शस्त्रांना विरोध होता, पण देशाची सीमा उघडी टाकावी असे ते कधी म्हणाले नाहीत. चीनच्या प्रश्नावर नेहरू सरकारला गाफीलपणाबद्दल धारेवर धरणाऱ्यांत तेच आघाडीवर होते. शिवाय रडार हे मुळात पाहण्याचे साधन आहे. ते बंदुकीला जोडता येते हे खरे, पण पाहण्याची शक्ती ज्याच्याकडे नाही त्याला पाहणाऱ्याच्या मर्जीवर जगावे लागते. १९९९ मध्ये कारगिलच्या उतारांवर भारतीय जवानांनी हेच भोगले. शत्रूच्या तोफा नेमक्या कोठून डागल्या जात आहेत हे सांगणारे रडार त्या वेळी सैन्याजवळ नव्हते. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले होते आणि हवे ते यंत्र बाजारात पैसे मोजूनही मिळत नव्हते. त्या अनुभवानंतर देशी 'स्वाती' रडार घडले, २०१७ मध्ये ते सैन्याच्या स्वाधीन झाले आणि २०२० मध्ये आर्मेनियाने ते विकत घेण्याचा करार केला. जे दुसऱ्याने द्यायला नकार दिला ते स्वतः घडवले, हा स्वावलंबनाचा धडा समाजवाद्यांनी नाकारण्याचे कारण नाही.

तेव्हा विरोध रडारला नाही. ती विद्या कुलुपात घालून ठेवण्याला आणि तिचा खर्च सर्वांच्या माथी मारून लाभ मात्र मोजक्यांच्या झोळीत टाकण्याला विरोध आहे. हा भेद स्पष्ट झाल्याखेरीज या विषयावर एक पाऊलही टाकता येणार नाही.

हे तंत्र आहे तरी काय?

जुने रडार म्हणजे एक मोठी थाळी. ती फिरते, एका दिशेला लहरी सोडते, परत आलेला प्रतिध्वनी ऐकते, मग पुढच्या दिशेला वळते. विहिरीवरच्या रहाटाप्रमाणे तिची एक फेरी पूर्ण व्हावी लागते. हवामानाच्या रडारला खालपासून वरपर्यंत सारे आभाळ पाहून होईतो साधारण दहा मिनिटे जातात. नव्या पद्धतीत थाळी फिरत नाही. एका सपाट फळीवर शेकडो किंवा हजारो लहान अँटेना ओळीने बसवलेल्या असतात. प्रत्येकीने ऐकलेला संकेत आकड्यांत बदलला जातो. मग त्या आकड्यांत योग्य तो कालभेद घालून बेरीज केली, की हव्या त्या दिशेचा आवाज ठळक होतो आणि बाकीचा मावळतो. तेच आकडे निराळ्या कालभेदाने पुन्हा बेरजेला घेतले, की दुसरी दिशा ऐकू येते. एकाच वेळी दहा दिशांना कान लावता येतात. तंत्रज्ञ याला डिजिटल बीमफॉर्मिंग म्हणतात. सामान्य भाषेत सांगायचे तर यंत्राची मान वळवण्याऐवजी हिशेब वळवला जातो.

हे तंत्र इतकी वर्षे महाग का होते, याचे कारणही साधे आहे. प्रत्येक लहान अँटेनामागे एक स्वतंत्र ग्राहकयंत्र आणि संकेताचे आकडे करणारी चकती लागते. हजार अँटेना म्हणजे हजार यंत्रे. जोवर त्या चकत्या महाग होत्या, तोवर हे वैभव महासत्तांच्या युद्धनौकांनाच परवडत होते. पुढे मोबाइल दूरध्वनीमुळे त्याच जातीच्या चकत्या कोट्यवधींच्या संख्येने तयार होऊ लागल्या आणि त्यांचे भाव कोसळले. लष्कराला आता स्वस्त रडारची निकड आहे, तीही अर्थशास्त्राच्या नियमानेच. मे २०२५ च्या संघर्षात एका रात्रीत तीनशे ते चारशे ड्रोन पाठवले गेल्याचे भारत सरकारनेच सांगितले. काही लाखांचे ड्रोन शोधण्यासाठी शेकडो कोटींचे एकेकच रडार उभे करायचे असेल, तर खजिना शत्रूच्या आधीच थकेल. म्हणून अनेक, लहान, स्वस्त अशा अँटेना हव्यात. इथवर लष्करी तज्ज्ञांचे म्हणणे बिनतोड आहे.

लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात लहान यंत्राची कल्पना मांडली, तेव्हा तिची टिंगल झाली. प्रचंड कारखाने हीच प्रगती, असे रशिया आणि अमेरिका या दोन्ही गोटांत मानले जात होते. आज सर्वांत प्रगत रडार म्हणजे एकसारख्या लहान घटकांची एक मोठी पंगत असते. त्यातले चार घटक निकामी झाले तरी बाकीचे काम रेटतात. लहान घटक, पुष्कळ संख्या आणि त्यांचे सहकार्य हे तत्त्व शस्त्रागाराच्या मार्गाने परत आले आहे. ते गावाच्या मार्गाने का येऊ नये?

स्वस्ताई कोणाची कमाई?

येथे खासगीकरणाचे भाट पुढे सरसावतात. त्यांच्या मते स्वस्ताई ही स्पर्धेची देणगी आहे. सरकारी प्रयोगशाळा सुस्त, सरकारी कारखाने महाग, खासगी उद्योग आले की किमती खाली येतात. या दाव्याची परीक्षा भारताच्या इतिहासातच करता येते.

१९७० मध्ये उटीजवळ एका डोंगरउतारावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वैज्ञानिकांनी ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण उभी केली. गोविंद स्वरूप हे तिचे शिल्पकार. त्यांनी डोंगराचा उतारच असा निवडला, की तो त्या जागेच्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंशांचा होता. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एका दिशेने फिरवून ताऱ्याचा तासन् तास माग काढता येऊ लागला. उत्तर-दक्षिण दिशेला मात्र ती यंत्राने वळवावी लागत नव्हती. १,०५६ लहान अँटेनांच्या संकेतांत विजेच्या साहाय्याने कालभेद घालून तिची नजर वळवली जाई. आज ज्याला अद्ययावत लष्करी तंत्र म्हटले जाते, त्याचे मूळ सूत्र भारतात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, सार्वजनिक पैशाने, ताऱ्यांचा अभ्यास करण्यासाठी वापरले गेले होते.

त्यानंतर त्याच गोविंद स्वरूपांनी जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण उभी केली. हे गाव आष्टीपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. पाश्चात्त्य देशांत एवढ्या व्यासाच्या थाळ्या भरीव पत्र्याच्या आणि अवाढव्य वजनाच्या असत. खोडदला पोलादी चौकटीवर तारांचे दोर ताणून त्यांवर बारीक तारांची जाळी बसवण्यात आली. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून वजन घटले. वजन घटले म्हणून मोटारी, पाये, पोलाद सारेच घटले आणि खर्च उतरला. हे डोके कोणत्या शेअरबाजारात विकायला ठेवलेले नव्हते. ते सरकारी वेतनावर काम करणाऱ्या वैज्ञानिकांचे आणि नारायणगाव परिसरातील तंत्रज्ञ-कामगारांचे होते. सप्टेंबर २०२० मध्ये स्वरूप निवर्तले. पण तीस अँटेनांचे संकेत आकड्यांत बदलून एकत्र जुळवण्याची विद्या खोडदला आजही रोज वापरात आहे.

तिसरे उदाहरण तर थेट वातावरणाचे आहे. तिरुपतीजवळ गादंकी येथे १,०२४ अँटेनांचे, न फिरता दिशा बदलणारे रडार १९९० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. वरच्या थरांतील वाऱ्यांचा अभ्यास हे त्याचे काम. ते घडवले मुंबईच्या पवई येथील 'समीर' या सरकारी संस्थेने. आणि लष्करी रडारांची जननी असलेली बंगळुरूची प्रयोगशाळा संरक्षण संशोधन संघटनेची, म्हणजे सरकारचीच.

उटी, खोडद, गादंकी, बंगळुरू या चारही ठिकाणी पाया जनतेच्या पैशाने घातला गेला. त्यावर इमला चढवण्याची वेळ आली तेव्हा काय झाले? २०१९ मध्ये संरक्षण संशोधन संघटनेने आपली शेकडो पेटंटे देशी उद्योगांना विनामूल्य खुली केली आणि उत्पादनातील भागीदार कंपन्यांना तंत्रज्ञान-हस्तांतराचे शुल्क माफ केले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माणी मोडून सात कंपन्या करण्यात आल्या. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, अंबाझरी येथील कामगारांनी संपाची हाक दिली, तर आधी अध्यादेश आणि मग एका वर्षाच्या मुदतीचा संपबंदीचा कायदा त्यांच्या डोक्यावर आणून ठेवला गेला. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही सरकारचा वाटा आता ५१ टक्क्यांच्या थोडासा वर उरला आहे. संशोधनाचा धोका जनतेचा आणि विक्रीचा नफा भागधारकांचा, अशी ही वाटणी आहे. यात स्पर्धेने काय स्वस्त केले? स्वस्ताई आधीच कमावलेली होती. तिच्यावर फक्त नवे नाव लिहिले गेले.

आष्टीवरचे आभाळ मुंबईहून दिसत नाही

आता आष्टीकडे वळावे. मुंबईतील कुलाब्याचे हवामान रडार आणि आष्टी यांत सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर आहे. रडारची लहर सरळ जाते, पृथ्वी मात्र वाकलेली आहे. क्षितिजापासून अर्धा अंश वर धरलेली लहर अडीचशे किलोमीटरवर पोहोचते तेव्हा ती जमिनीपासून जवळजवळ सहा किलोमीटर उंचीवर असते. म्हणजे मुंबईचे रडार आष्टीच्या आभाळाचे माळे पाहते, तळमजला पाहत नाही. आणि मध्ये सह्याद्री उभा आहे तो वेगळाच. नागपूरचे रडार तर पावणेपाचशे किलोमीटर दूर. सोलापूरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८-१९ च्या मेघबीजन प्रयोगांसाठी रडार बसवले. ते दीडशे किलोमीटरवर पडते आणि तेवढ्या अंतरावर त्याचीही लहर अडीच किलोमीटरच्या वर गेलेली असते. म्हैसमाळला रडार हवे, ही मराठवाड्याची मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. पण म्हैसमाळही आष्टीपासून एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. एका डोंगरावर एक थाळी बसवली की मराठवाड्याचा प्रश्न मिटला, असे कोणी सांगेल तर ते भूमितीलाच मान्य होणार नाही. कड्याला कडी नदी फुगवणारा पाऊस ज्या उंचीवर घडतो, ती उंची पाहण्यासाठी रडार जवळ हवे. जवळ हवे म्हणजे ती पुष्कळ हवीत, आणि पुष्कळ हवी असतील तर ती स्वस्त असली पाहिजेत. सीमेवर ज्या कारणासाठी स्वस्त अँटेना हवी, अगदी त्याच कारणासाठी ती बालाघाटाच्या पठारावर हवी.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी रडार आले होते. विमाने उडाली, छायाचित्रे निघाली, प्रयोगाचा हंगाम सरला आणि ती पाहणीही सरली. ढगातून पाऊस पाडण्याच्या चमत्कारासाठी शासनाकडे रडार होते. पडणाऱ्या पावसाची रोज दखल घेण्यासाठी नव्हते. मुंबईला मात्र कुलाब्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये वेरावलीचे दुसरे रडार मिळाले. मुंबईच्या झोपडपट्टीतील श्रमिकाला त्याची गरज आहेच; २६ जुलै २००५ कोण विसरेल? प्रश्न मुंबईला का दिले हा नाही. मराठवाड्याची पाळी दर वेळी पंगतीच्या शेवटी का, हा आहे.

कोणी विचारील, रडार दिसले म्हणून पूर थांबणार आहे काय? थांबणार नाही. पण जनावरे सोडता येतील, नदीकाठची वस्ती हलवता येईल, वीज कडाडण्यापूर्वी रानातल्या बायाबापड्यांना घरी परतता येईल. आणि आणखी एक गोष्ट होईल, जिचे महत्त्व तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला चटकन कळेल. शासनाच्या लेखी अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस. हा पाऊस मोजायचा कोठे? मंडळातल्या एका पर्जन्यमापकात. २०१७ पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये अशी सुमारे दोन हजार स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, तीही खासगी भागीदारीतून. एका मंडळात दहा-पंधरा गावे. ढगफुटी मंडळाची हद्द पाहून होत नाही. ज्या गावचे पीक वाहून गेले तेथे मापक नाही, आणि जेथे मापक आहे तेथे साठ मिलिमीटर पडला, तर कागदावर अतिवृष्टी झालीच नाही! पीकविम्यात तर नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवण्याची अट वर्षानुवर्षे शेतकऱ्याच्या मानगुटीवर होती. वीज नाही, फोनला रेंज नाही आणि दावा मात्र तीन दिवसांत करा. जवळच्या रडारची नोंद गावागणिक, मिनिटागणिक असते. ती शेतकऱ्याच्या हाती आली तर पंचनाम्याच्या वेळी त्याला कोणाच्या मेहेरबानीची याचना करावी लागणार नाही. पीकविम्याचा नफा-तोटा वाटून घेणारा 'बीड पॅटर्न' २०२० मध्ये याच जिल्ह्याने देशापुढे ठेवला. पुराव्याचा बीड पॅटर्नही याच जिल्ह्याने का ठेवू नये?

पैसा नाही, ही सबब

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६,८१,२१० कोटी रुपये ठेवले गेले. त्यातील पगार, निवृत्तिवेतन आणि दैनंदिन खर्च बाजूला काढू. केवळ भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटींचा होता, म्हणजे दिवसाला सुमारे ४९३ कोटी. दुसऱ्या पारड्यात सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली 'मिशन मौसम' ही योजना ठेवू. साऱ्या देशाच्या हवामान-निरीक्षणासाठी दोन वर्षांना २,००० कोटी. संरक्षणाच्या चार दिवसांच्या भांडवली खर्चाएवढी ही रक्कम आहे. एका 'अरुध्र' कराराहून ती कमी, एका 'अश्विनी' कराराहूनही कमी. सरकार अभिमानाने सांगते की, दहा-बारा वर्षांपूर्वी देशात पंधरा डॉप्लर रडारे होती, ती २०२४ मध्ये एकोणचाळीस झाली. वाढ झाली हे खरे. पण १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याला दीडशेव्या वर्षाच्या उंबरठ्यावर एकोणचाळीस रडारे, यात फुशारकी मारण्यासारखे काय आहे?

येथे प्रामाणिकपणे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. लष्करी रडार उचलून आष्टीत ठेवले की ते पाऊस मोजू लागेल, असे नाही. विमान शोधणारे यंत्र पावसाच्या थेंबांना अडथळा समजून गाळून टाकते. हवामानाच्या यंत्राला नेमका तोच अडथळा हवा असतो. पडता मोठा थेंब आडवा चपटा होतो, गार बहुधा गोल राहते; हा फरक ओळखण्यासाठी आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी अचूक मोजाव्या लागतात. सपाट फळीच्या अँटेनाला तिरकस दिशांत ही अचूकता साधणे अवघड जाते. हे सारे खरे. म्हणून तर संशोधन हवे! चकत्या, आकडेमोडीची यंत्रणा, तपासणीची मैदाने, कुशल कामगार हे सारे दोहोंना समान आहे. 'अरुध्र' ज्या तरंगपट्ट्यात चालते त्याच पट्ट्यात मुंबई-नागपूरची हवामान रडारेही चालतात. आणि हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेने आपल्या नौदलाच्या एजिस युद्धनौकांवरील जातीची एक अँटेना ओक्लाहोमातील नॉर्मन येथे हवामान-संशोधकांच्या हाती दिली. २००३ ते २०१६ या काळात तिने वादळांचा अभ्यास केला. जपानमध्ये २०१२ साली ओसाका विद्यापीठाच्या आवारात असेच रडार उभे राहिले. ते साऱ्या आभाळाचे चित्र अर्ध्या मिनिटाच्या आत पुरे करते. भांडवलशाही देशांच्या लष्कराला जे गुपित वाटले नाही, ते समाजवादाची शपथ घेतलेल्या प्रजासत्ताकात गुपित का ठरावे?

अर्थशास्त्राचा प्राथमिक नियमही हेच सांगतो. आराखड्याचा खर्च एकदाच होतो. शंभर नगांऐवजी पाचशे नग काढले तर प्रत्येक नगावरचा भार उतरतो. नागरी उपयोगाची मागणी जोडली तर लष्कराचेच रडार आणखी स्वस्त होईल. म्हणजे शेतकऱ्याचे हित आणि जवानाचे हित येथे एकमेकांविरुद्ध उभे नाही. ते तसे उभे असल्याचा देखावा गुप्ततेच्या आडून कंत्राटे वाटणाऱ्यांनी केला आहे. आणि जवान तरी कोण? मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत एक भाऊ सीमेवर असतो आणि दुसरा कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर. एकाच आईच्या या दोन लेकरांपैकी एकालाच आभाळ दिसावे, हा न्याय कोणत्या राष्ट्रभक्तीत बसतो?

मागण्या आणि कामे

समाजवादी कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर चार मागण्या स्पष्ट शब्दांत मांडाव्यात. एक : सार्वजनिक पैशातून विकसित झालेल्या प्रत्येक लष्करी रडारच्या करारात त्या तंत्राचा नागरी आराखडा हवामान खात्याला देण्याची अट असावी. जे गुप्त राहणे खरोखर आवश्यक आहे तेवढेच गुप्त राहावे आणि ते ठरवणाऱ्या समितीत संसदेचे सदस्य असावेत. दोन : मराठवाड्यात एका थाळीऐवजी लहान रडारांचे जाळे उभारावे आणि त्यातील एक आष्टी-पाटोद्याच्या पठारावर असावे. तीन : रडारची आणि पर्जन्यमापकांची प्रत्येक नोंद सार्वजनिक मालकीची असावी; ती ग्रामपंचायतीत मराठीत, विनामूल्य मिळावी आणि पंचनाम्यात व विम्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरली जावी. चार : या यंत्रांचे उत्पादन सार्वजनिक कारखान्यांतच व्हावे, तेथील कंत्राटी कामगारांना कायम करावे आणि सरकारी वाटा विकून अर्थसंकल्पाची भोके बुजवण्याचा उद्योग थांबवावा.

परंतु मागणीपत्रे लिहून क्रांती होत नाही. पहिले काम गावातच आहे. आष्टी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यात गावोगावी साधे पर्जन्यमापक बसवावेत. काचेची नळी, नरसाळे आणि वही एवढेच साहित्य त्याला पुरते. माध्यमिक शाळेतील मुला-मुलींनी रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजावा, तारीख घालून वहीत लिहावा आणि खाली सरपंचाची सही घ्यावी. हंगामाच्या अखेरीस या वह्या महसूल मंडळाच्या अधिकृत आकड्यांशेजारी ठेवाव्यात. ज्या दिवशी गावाच्या वहीत शंभर मिलिमीटर आणि शासनाच्या कागदावर चाळीस असेल, त्या दिवसाची यादी घेऊन तहसीलवर मोर्चा न्यावा. आकड्यांनी भरलेली वही हाती असलेला मोर्चा घोषणांनी पांगवता येत नाही.

सीमेवर रडार हवे, यात वाद नाही. तो खर्च आष्टीचा शेतमजूरही उचलतो, काडीपेटीवर आणि चहापत्तीवर कर भरून उचलतो. त्या खर्चातून जे ज्ञान निपजले, त्यात त्याचा वाटा आहे. तो वाटा दान म्हणून नको, अनुदान म्हणून नको. हक्क म्हणून हवा. पुढच्या सप्टेंबरात कडी नदीला पाणी चढेल तेव्हा हेलिकॉप्टरच्या आधी खबर आली पाहिजे, आणि ती यावी यासाठीचा लढा या जूनपासूनच सुरू झाला पाहिजे.